खर्चाची वही, चियांग माई

वहीच्या पहिल्या पानावर भाडं नाही, किराणा नाही. तिथे रुपया आणि बात यांचा भाव लिहिलेला आहे. जानेवारी २०२५ मध्ये एक बात साधारण अडीच रुपयांना पडत होता. वर्ष सरता सरता तो पावणेतीनच्या पुढे गेला. इथला महिन्याचा खर्च मी पस्तीस हजार बात धरते. जानेवारीच्या भावानं त्याचे साडेसत्त्याऐंशी हजार रुपये होतात, पावणेतीनच्या भावानं सव्वाशहाण्णव हजार. खोली तीच, ताटातला भात तेवढाच, भाजीवाल्या बाईंनी भाव वाढवलेला नाही, आणि महिना मात्र पावणेनऊ हजारांनी महाग. पुण्याच्या कंपनीनं एप्रिलमध्ये दिलेली पगारवाढ कुठे गेली, ते शोधायला फार लांब जावं लागलं नाही.

डॉलरवालेही त्या वर्षी कुरकुरत होते, कारण बातपुढे डॉलरही घसरला. पण त्यांची बचत थोडी कमी होते, इतकंच. रुपयात कमावणाऱ्याचा आख्खा हिशेब नव्यानं मांडावा लागतो.

*

'थायलंड स्वस्त आहे' हे वाक्य ज्यांनी रूढ केलं ते बर्लिन, लंडन, सॅन फ्रान्सिस्कोहून आले होते. कोथरूडहून आलेल्या माणसाला ते लागू नाही. इथली एक खोली पुण्यातल्या एका खोलीएवढ्याच भाड्यात मिळते. साधं जेवण जवळपास तेवढ्यालाच पडतं. दूध महाग, गव्हाचं पीठ महाग, डाळ तर फारच महाग. फळं, दाताचा डॉक्टर आणि रात्री एकटीनं बिनधास्त चालत घरी येणं, या गोष्टी स्वस्त. शेवटच्या गोष्टीचा रकाना वहीत नाही, पण मी इथे आहे ती बऱ्याच अंशी तिच्यामुळेच.

रुपयात पगार घेऊन पैसे साठवायला कोणी इथे येणार असेल, तर येऊ नये. पुण्यातच राहावं आणि सुट्टीत यावं.

*

इथलं घड्याळ आपल्यापुढे दीड तास आहे. पुण्यातलं ऑफिस साडेनऊला सुरू होतं तेव्हा इथे अकरा वाजलेले असतात. हा दीड तास खर्चाच्या वहीत थेट उतरतो. सकाळी सातला उठून थानिन बाजारात जाता येतं, भाजी घेता येते, डाळ-तांदूळ शिजवून मग लॅपटॉप उघडता येतो. शेजारच्या खोलीतला मुलगा अमेरिकेतल्या कंपनीसाठी काम करतो. त्याचा दिवस रात्री आठला सुरू होतो आणि पहाटे संपतो. बाजार त्याला कधी उघडा सापडतच नाही. तो सेव्हन-इलेव्हनच्या टोस्टवर आणि दारात येणाऱ्या डब्यांवर जगतो. आमचं भाडं सारखं आहे. खाण्याचा खर्च त्याचा माझ्या दुप्पट आहे, आणि खातो तो माझ्याहून वाईट.

*

भाड्याचा पहिला नियम: दिवसाचा भाव, महिन्याचा भाव आणि वर्षाचा भाव या तीन वेगळ्या वस्तू आहेत. जी खोली ॲपवर रोजी आठशे-नऊशे बातला दिसते, तीच दारावरच्या थाई पाटीवर महिन्याला सात-आठ हजारांना लिहिलेली असते. वर्षाचा करार केला तर आणखी थोडी उतरते. म्हणून पहिला आठवडा महागात राहायचं आणि पायी फिरून पाट्या पाहायच्या. निम्मानहेमिन रस्त्याच्या बाजूला कॉफीची दुकानं आणि भाडी दोन्ही चढत गेलेली. तिथून चालत पंधरा-वीस मिनिटांवर सांतिथाम, तिथे तशीच खोली तिसऱ्या हिश्शानं कमी. विद्यापीठाच्या मागच्या गल्ल्यांत विद्यार्थ्यांच्या खोल्या त्याहून स्वस्त, फक्त भिंती पातळ.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी थंडी असते, म्हणून गर्दी असते, म्हणून घासाघीस चालत नाही. मे-जूनमध्ये खोली शोधणाऱ्याशी घरमालक गोड बोलतात.

दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि एक महिना आगाऊ, असा साधारण रिवाज. म्हणजे आठ हजारांची खोली पहिल्या दिवशी चोवीस हजार मागते. खर्च म्हणून तो लिहायचा की ठेव म्हणून? मी ठेव लिहिते, पण मनातल्या मनात अर्धा खर्च धरते. खोली सोडताना भिंतीवरचे डाग अचानक सगळ्यांना दिसू लागतात. आत शिरल्या दिवशी फोनवर व्हिडिओ काढून घरमालकिणीलाच पाठवून ठेवावा. तिला राग येत नाही, उलट आपल्याला समज आहे असं तिला वाटतं.

*

वीज. यावर जरा सविस्तर लिहायला हवं, कारण नव्यानं आलेल्यांच्या खर्चातलं मोठं गळतं भोक हेच असतं.

सरकारी विजेचा घरगुती दर २०२५ मध्ये युनिटला चार बातच्या आसपास होता. पण एकाच मालकाची जी भाड्याची इमारत असते, तिथे प्रत्येक खोलीला मालकाचा स्वतःचा उपमीटर असतो आणि तो सात-आठ बात लावतो. करारात ही ओळ असते, बहुतेकदा थाईत, बहुतेकदा खाली. भाडं विचारणारे खूप असतात, 'एका युनिटला किती' हे विचारणारे थोडे. उलट ज्या कॉन्डोमध्ये प्रत्येक फ्लॅटचा मालक वेगळा असतो, तिथे प्रांतिक वीज प्राधिकरणाचं बिल थेट आपल्या हातात येतं, सरकारी दरानं.

आता आकडे. जुन्या धाटणीचा बारा हजार बीटीयूचा एसी तासाला ढोबळ एक युनिट खातो. रात्री झोपताना आणि दुपारी काम करताना मिळून दहा तास धरले तर महिन्याला तीनशे युनिट. चारच्या दरानं बाराशे बात, आठच्या दरानं चोवीसशे. म्हणजे हजार बात जास्त भाड्याचा कॉन्डो एप्रिलमध्ये स्वस्त पडतो. पण डिसेंबर-जानेवारीत इथे रात्री पंधरा अंशांपर्यंत गारवा येतो आणि एसीचा रिमोट कुठे ठेवला तेही आठवत नाही. तेव्हा तोच कॉन्डो हजारानं महाग. तर खरा प्रश्न भाड्याचा नाहीच. आपण इथे कोणत्या महिन्यांत राहणार, हा प्रश्न. थंडीपुरत्या येणाऱ्यानं आठ बातच्या इमारतीत खुशाल राहावं. बारमाही राहणाऱ्यानं मीटर कोणाचा ते आधी पाहावं.

बारमाही राहणाऱ्या माझ्या ओळखीच्या एका नागपूरकर काकांनी तर घरमालकाकडून गेल्या एप्रिलचं बिल मागून पाहिलं. मालकानं ते दाखवलंही. आपल्याकडे असं मागितलं तर 'घ्यायची तर घ्या' ऐकावं लागलं असतं.

*

पाणी. नळाचं पाणी पीत नाहीत. गल्लीच्या कोपऱ्यावर पाण्याचं यंत्र असतं, एक बात टाकला की साधारण लिटरभर शुद्ध पाणी. आपली बाटली न्यायची. दुकानातून सीलबंद बाटल्या घेणाऱ्याला याच्या कितीतरी पट पडतं. रक्कम किरकोळ आहे, पण गावात रुळलेला माणूस कोण आणि पाहुणा कोण, ते हातातल्या बाटलीवरून कळतं.

*

एटीएमची गंमत अशी: परदेशी कार्डानं पैसे काढले की इथली बँक प्रत्येक वेळी २२० बात किंवा त्याहून थोडे जास्त कापते. दोन हजार काढा की वीस हजार, कपात तेवढीच. दोन हजारांवर ती अकरा टक्के होते, वीस हजारांवर सव्वा टक्क्याच्या आत. 'परदेशात आहोत, जवळ फार रोकड नको' असं म्हणून जो थोडे थोडे काढतो, तोच सर्वात जास्त भरतो. वर आपल्याकडची बँक परकीय चलनाचा अधिभार लावते, कार्डागणिक दोन ते साडेतीन टक्के, आणि त्या अधिभारावर १८ टक्के जीएसटी. अधिभार न घेणारी कार्डं भारतात आता मिळतात. निघण्याआधी दोन महिने ती मिळवण्यासाठी खर्ची घालावेत, विमानाच्या तिकिटावर घासाघीस करण्यापेक्षा यात जास्त वाचतात.

आणि यंत्र मध्येच मोठ्या प्रेमानं विचारतं, रक्कम रुपयांत बदलून देऊ का? नको म्हणायचं. ते बदलून देतं स्वतःच्या भावानं.

*

इथे सगळं क्यूआरवर चालतं. भाजीवाली, सामायिक सवारीचा लाल गाडीवाला, देवळातली दानपेटी. पण त्या प्रॉम्प्टपेला थाई बँकेतलं खातं लागतं आणि परदेशी माणसाला खातं उघडून देताना बँका आता फार काचकूच करतात. त्यामुळे गल्लीतल्या आजीबाई फोन पुढे करतात आणि मी, आयटीतली, नोटा मोजते. पुण्यात वर्षानुवर्षं सुट्ट्या पैशांना हात लागला नव्हता. इथे खिसा पुन्हा जड झाला आहे.

रोकडीचा एक फायदा मात्र आहे. सोमवारी पाकिटात अडीच हजार बात ठेवायचे आणि रविवारपर्यंत तेवढ्यात बाजार, खाणं, गाडीभाडं भागवायचं. खर्चाच्या ॲपपेक्षा रिकामं पाकीट लवकर बोलतं.

*

खाणं. मी अंडं खाते, मांस-मासे नाही. अशा माणसाला इथे पहिल्या आठवड्यात वाटतं की आता उपाशी राहायचं किंवा महागड्या 'व्हीगन' दुकानात जायचं. प्रत्येक भाजीत माशांचं पाणी, प्रत्येक सुपात हाड. मग एक दिवस पिवळ्या पाटीवरचं लाल अक्षर ओळखता यायला लागतं: 'जे'. चिनी बौद्ध परंपरेतलं हे खाणं. त्यात मांस, मासे, अंडं, दूध नाहीच, शिवाय कांदा-लसूणही वर्ज्य. चातुर्मासातलं आपल्या आजीचं ताट आणि हे ताट एकमेकांना ओळख देतील. अशा साध्या खानावळीत भातावर दोन भाज्या घातलेली ताटली पस्तीस-पंचेचाळीस बातला मिळते. तेच टोफू, तीच भाजी निम्मानच्या इंग्रजी मेनूत दीडशे-पावणेदोनशेला. मधलं अंतर हे एक अक्षर वाचता येण्याचं आहे.

सप्टेंबर-ऑक्टोबरात चांद्र पंचांगाप्रमाणे नऊ दिवस जे खाण्याचा सण असतो. रस्तोरस्ती पिवळे झेंडे, आणि एरवी डुकराचं मांस विकणारे गाडेही शाकाहारी होतात. ते नऊ दिवस मी स्वयंपाक करत नाही.

*

स्वयंपाकघराविषयी. स्वस्त खोल्यांना बहुतेकदा ओटाच नसतो. बाहेर पन्नास-साठ बातला पोटभर मिळत असताना एकट्या माणसानं घरी का शिजवावं, असा इथला हिशेब, आणि तो बरोबर आहे. थाई जेवण एकट्यासाठी घरी करायला गेलं तर बाहेरच्यापेक्षा महाग पडतं. वरण-भात मात्र घरीच करावा लागतो. मग इंडक्शनची शेगडी बाल्कनीत. घरमालकीण, तिला सगळे 'पी' म्हणतात, थोरल्या ताईला म्हणावं तसं, एकदा हिंगाच्या फोडणीचा वास घेत वर आली होती. काही म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी खिडकीला लावायचा पंखा आणून दिला.

तूरडाळ भारतीय दुकानात पुण्याच्या दुप्पट-तिप्पट भावानं. यावर दोन उपाय. एक म्हणजे तूर सोडून द्यायची. इथल्या बाजारात सोललेली मूगडाळ छान मिळते, स्वस्त मिळते, पण ती डाळींच्या शेजारी शोधायची नाही, गोड पदार्थांच्या सामानात असते, कारण इथे तिची मिठाई करतात. ओली हळद ढिगानं, चिंच, नारळ, शेंगदाणे, कोथिंबीर मुळांसकट. उत्तरेकडे उसाच्या गुळाच्या वड्याही मिळतात. चणाडाळ सोडली तर पुरणपोळीचं बहुतेक सामान थानिन बाजारातच उभं राहतं, आणि मूगडाळीचं पुरण काही वाईट होत नाही. कणीक मात्र आयातीची, म्हणून पोळी आठवड्यातून दोनदा.

दुसरा उपाय आईचा. तो शेवटी लिहिते.

*

पोह्यांच्या जवळचं काही इथे असेल असं वाटलं नव्हतं. कोवळा तांदूळ भाजून कांडून केलेला 'खाओ माओ' बाजारात दिसतो, हिरवट, चपटा. खोबरं-साखर घालून खातात. मी एकदा कांदे-पोहे केले. ते होतात, पण लापशीसारखे होतात. खर्च कमी, समाधान त्याहून कमी.

*

काम कुठे बसून करायचं, यावर इथे लोक तासन्‌तास बोलतात. आकडे साधे आहेत. कॉफी सत्तर-ऐंशी बात. एका कॉफीवर चार तास बसणं अंगावर येतं, म्हणून दुसरी घेतली जाते. दिवसाला दीडशे, बावीस दिवसांचे तेहतीसशे. को-वर्किंगची महिन्याची जागा साडेतीन-चार हजारांना. म्हणजे कॉफीच्या दुकानात बसून फार काही वाचत नाही, खुर्ची मात्र वाईट मिळते. खोलीतलं फायबर इंटरनेट महिन्याला सहाशेच्या आसपास. मी आठवड्यातले तीन दिवस खोलीत काम करते, दोन दिवस दिवसाच्या पासावर बाहेर जाते. ते दोन दिवस इंटरनेटसाठी नसतात. दिवसभर कोणाशी मराठी-इंग्रजीत प्रत्यक्ष बोलायला मिळत नाही, त्यासाठी असतात. वहीत मात्र 'कार्यालय' या रकान्यात.

*

१ जानेवारी २०२५ पासून चियांग माई शहराच्या मुख्य तालुक्यात किमान रोजंदारी ३८० बात झाली. ऐंशीच्या कॉफीत तिचा पाचवा हिस्सा जातो. कॉफी देणारी मुलगी ती कॉफी विकत घेत नाही. निम्मानला आधी राहणारे लोक आता तिथे राहत नाहीत, ते रोज स्कूटरवर कामाला येतात. हे लिहून मी काही भाडं जास्त देणार नाही. पण 'इथे किती स्वस्त आहे ना' असं को-वर्किंगच्या टेबलावर मोठ्यानं म्हणणाऱ्यांच्या शेजारी बसायचं मी सोडलं आहे.

*

स्कूटर महिन्याला तीन हजारांच्या आसपास, पेट्रोल वेगळं. लाल गाडी, म्हणजे मागे दोन बाकं असलेली सामायिक सवारी, शहरात माणशी साधारण तीस बात. रोज बाहेर जायचं नसेल तर लाल गाडीच परवडते. शिवाय स्कूटरचा खरा खर्च भाड्यात नसतो, विम्याच्या कलमात असतो. आपल्याकडच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना हजार रुपयांत मिळतो, पण त्यात दुचाकीचा शिक्का हवा. तो नसताना पडलं, तर प्रवासविमा हात वर करतो. इथली खाजगी इस्पितळं चांगली आहेत, बिलंही तशीच. पायाला पट्टी बांधलेले परदेशी तरुण मी इथे इतके पाहिले आहेत की मला लाल गाडीचं बाक आवडू लागलं आहे.

*

पुण्याचा खर्च वेगळ्या वहीत होता. या वर्षी तो याच वहीत आणला, शेवटच्या पानावरून उलटा. सोसायटीचा मेंटेनन्स, घराचा हप्ता, बंद घराच्या मीटरवर महावितरणचा स्थिर आकार, मोलकरीण मावशींचा अर्धा पगार, कारण त्या पंधरा दिवसांनी एकदा येऊन घर झाडून जातात आणि परत आल्यावर त्या मिळायला हव्यात. आईची औषधं. ओटीपी येत राहावा म्हणून भारतीय सिमचं रिचार्ज. ते बंद पडलं तर बँक मला ओळखणार नाही.

दोन्ही बाजूंची पानं वहीच्या मध्याकडे सरकत येतात, आणि मग दिसतं की पुरता महाग ना हा देश आहे, ना तो. महाग आहे ते दोन्हीकडे एकाच वेळी असणं. भाव बदलतो तो दोन देशांच्या मध्ये, बँक कापते ती मध्ये, डिपॉझिट अडकतं ते मध्ये, विमानभाडंही मध्येच. चियांग माईतली काटकसर, म्हणजे पाच बात वाचवायला दुसऱ्या गाड्यावर जाणं, त्यापुढे पोरखेळ वाटते. तरी मी दुसऱ्या गाड्यावर जातेच.

*

भाडेकरू ठेवला असता तर हप्ता निघाला असता, असं सगळे सांगतात. बरोबर आहे. पण मग परत जायला घर उरलं नसतं. या रकान्याला मी नाव दिलेलं नाही, नुसता आकडा लिहिते.

*

जुलै २०२४ मध्ये थायलंडनं घरून काम करणाऱ्या परदेशी लोकांसाठी 'डीटीव्ही' हा व्हिसा काढला. पाच वर्षं चालतो, एका खेपेला १८० दिवस राहता येतं. फी साधारण दहा हजार बात. महिन्यांत वाटली तर किरकोळ आहे. खरी अडचण पाच लाख बातची शिल्लक दाखवण्याची. आपले साडेबारा-पावणेचौदा लाख रुपये किंवा त्याहून जास्त, ज्या दिवशी जो भाव असेल त्याप्रमाणे. ते खर्चायचे नसतात, नुसते दिसायला हवेत. घरातल्या घरात जमवाजमव करून ते दिसू शकतात, पण मग ती रक्कम मुदतठेवीत बसून व्याज मिळवत नाही, बचत खात्यात बसून नुसती दिसते. हाही खर्चच, फक्त कोणी पावती देत नाही.

इथे आल्यावर दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा. फुकट आहे. विसरलं तर दोन हजार बात.

*

करांचं पान. थायलंडमध्ये एका कॅलेंडर वर्षात १८० दिवस राहिलं की माणूस इथला करनिवासी होतो, आणि २०२४ पासून बाहेर कमावून इथे आणलेल्या उत्पन्नावर कर लागू शकतो. भारतात मोजणी एप्रिल ते मार्च, आणि मुख्य आकडा १८२. दोन देशांची वर्षं वेगळ्या महिन्यात सुरू होतात, त्यामुळे एकच हिवाळा दोन्हीकडे वेगवेगळ्या खात्यात पडतो. दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, पण तो आपोआप लागू होत नाही, कागद भरावे लागतात. माझ्या सीए काका-काकूंच्या कार्यालयाची फी मी वर्षाच्या सुरुवातीलाच बाजूला काढते. या एका रकान्यात काटकसर करत नाही.

भारतातून वर्षाला दहा लाखांहून जास्त रक्कम बाहेर पाठवली तर वरच्या रकमेवर बँक २० टक्के आधीच कापून घेते. १ एप्रिल २०२५ च्या आधी ही मर्यादा सात लाख होती. ते पैसे विवरणपत्र भरल्यावर परत मिळतात किंवा करात वळते होतात. पण तोवर ते आपले नसतात, आणि भाडं दर महिन्याच्या एक तारखेलाच द्यायचं असतं.

*

फेब्रुवारी ते एप्रिल धूर. शेतातला काडीकचरा आणि डोंगरावरची जंगलं जळतात, शेजारच्या देशांतूनही धूर येतो, आणि चियांग माई ज्या खोऱ्यात आहे तिथे तो बसून राहतो. दोई सुथेपचा डोंगर शहराला एवढा चिकटून आहे, पण मार्चमध्ये दिसत नाही. जगातल्या सर्वात प्रदूषित शहरांच्या रोजच्या यादीत त्या दिवसांत हे नाव पहिल्या काहींत असतं.

बजेटच्या भाषेत: हवा शुद्ध करणारं यंत्र तीन ते पाच हजार बात, गाळणी दर वर्षी नवी, चांगले मास्क, खिडक्या बंद म्हणून एसी जास्त, एसी जास्त म्हणून वीज जास्त. ज्यांना परवडतं ते समुद्राकडे दक्षिणेला जातात. म्हणजे दोन खोल्यांचं भाडं. 'चियांग माईचा महिन्याचा खर्च' म्हणून जो आकडा सांगतात तो नऊ महिन्यांचा असतो. उरलेल्या तीन महिन्यांचा वेगळा असतो आणि सरासरी काढताना तो कोणी धरत नाही. मी धरते. महिन्याला हजार बात 'धूर' म्हणून बाजूला.

होळी याच दिवसांत येते. पुरण करते. होळी पेटवायची गरज कोणाला वाटत नाही.

*

तळमजल्यावरची खोली दोन हजारांनी स्वस्त दिसली होती, नदीपासून जवळ, वरोरोत बाजारही हाकेच्या अंतरावर. ऑक्टोबर २०२४ मध्ये पिंग नदीला विक्रमी पूर आला तेव्हा हा सगळा भाग पाण्यात होता. भिंतीवर कमरेच्या वर फिकट रेघ होती, नव्या रंगाच्या खालूनही दिसणारी. स्वस्त का, ते भिंतीवरच लिहिलेलं होतं. घेतली नाही.

*

आई डिसेंबरात येणार. तिच्यासाठी वेगळं पान उघडलं: मोठी खोली महिनाभर, तिचा विमा, डोंगरावरच्या देवळाला जायची गाडी, शाकाहारी खानावळी ज्यांत खुर्च्या आहेत, स्टुलं नाहीत. एकूण सतरा हजार बात वाढले. फोनवर तिला आकडा सांगितला नाही, तरी तिनं विचारलाच. मग ती तिच्या बाजूचा हिशेब सांगू लागली. विमानात वीस किलो सामान नेता येतं, तिचे कपडे सहा किलो, म्हणजे चौदा किलो उरतात. तूरडाळ पाच, चणाडाळ दोन, पोहे दोन, भाजणी, गोडा मसाला. इथल्या भावाशी तुलना करून तिनं तिकिटाचा काही भाग वसूलही करून दाखवला. मी म्हटलं, आई, डाळ न्यायला चालते का ते आधी इथल्या नियमांत पाहू दे. ती म्हणाली, "बघ की. आणि तुझ्या कुकरची रिंग तीन लिटरची लागते का पाचची, तेही बघून सांग. तिथे ती मिळायची नाही."

तीनची. दोन आणायला सांगितल्या आहेत.